पण हिरवा नको

मला चार भाषा येतात असं मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आले. मराठी माझी. कानडी माहेरची, कारण वळसंगला आमची निम्मी गल्ली कानडी बोलायची. तेलुगू कारखान्यातली, कारण सोलापुरात माग चालवायचा म्हणजे तेलुगू कानावर पडणारच. आणि दखनी भाजीबाजारातली, भाव पाडून घेण्यापुरती. आमचे हे म्हणायचे, "चार येत नाहीत गं, चार पाव येतात. सगळ्या मिळून एक." मग माझं डोकं फिरायचं आणि त्या दिवशी त्यांना सकाळचाच रस्सा संध्याकाळी मिळायचा. हल्ली मी गप्प बसते. कारण त्यातल्या एका पाव भाषेच्या जोरावर मी एका बाईचं दुकान जवळजवळ बंद पाडलं होतं.

आमचा कारखाना लहान, पूर्व भागात. बारा माग, त्यातले दोन कायम रुसलेले. आम्ही टॉवेल विणतो आणि लग्नाचे टॉवेल ही आमची खासियत. दोन्ही काठांवर मोर आणि मोरांच्या मध्ये विणलेली अक्षरं, 'शुभविवाह'. छापलेली नव्हेत, विणलेली. शंभर वेळा धुवा, टॉवेल विरेल पण विवाह जाणार नाही, असं मी गिऱ्हाइकाला सांगते. कारखाना माझ्या नावावर असला तरी तो खरा चालवतात आमचे मास्तर. चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस. घरी तेलुगू बोलतात, मागावर मराठी, आणि धागा तुटला की दखनी. ती दखनी इथं लिहिण्यासारखी नाही.

तर ही बाई. राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, नदीकाठी, जंगलाच्या तोंडाशी एक बाजाराचं गाव आहे. नदीपलीकडे तेलंगण. तिथं तिचं कापडाचं दुकान. घरची भाषा तेलुगू, दुकानातली मराठी, दोन्ही तिच्या पद्धतीच्या. बऱ्याच वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लग्नाला सोलापुरात आली आणि आमच्या काउंटरवर उभी राहून तिनं सगळे टॉवेल असे उलटे करून बघितले की मला वाटलं, ही बाई धंद्यातली. मी तिला अक्का म्हणायला लागले, ती मला वदिना. वदिना म्हणजे तेलुगूत वहिनी. एवढं तरी मला बरोबर येत होतं.

त्यानंतर तिचा माल फोनवर जायला लागला. आणि फोनवरच मला हळूहळू कळत गेलं की बंदुका घेतलेली माणसं ज्या जंगलात राहतात, त्या जंगलाच्या तोंडाशी दुकान मांडणं म्हणजे काय.

ती त्या माणसांचं नाव कधी घेत नसे. 'आतले' म्हणायची. पोलीस म्हणजे 'कॅम्पवाले'. आणि माल पाठवू नका असं सांगायचं असेल तर म्हणायची, "वदिना, या आठवड्यात हवा बरी नाही." पहिल्यांदा मला वाटलं साथ आलीय. मी तिला आल्याचा काढा सांगितला, गवती चहा किती घालायचा तेही सांगितलं. ती बिचारी "हो, हो" करत राहिली. चार-पाच वेळा तिची हवा बिघडल्यावर मास्तरच म्हणाले, "वैनी, तिकडं बंद पुकारलेला असतोय. गाडी रस्त्यावर आली की पेटवत्यात. काढा कसला सांगताय?"

अशी तिची हवा वर्षातून कितीतरी वेळा बिघडायची. आठवड्याचा बाजार भरायचा नाही. ट्रकवाला अलीकडच्या तालुक्याला माल उतरवून परत फिरायचा, मग तो गठ्ठा बैलगाडीनं, नावेनं, कसाबसा जायचा. मोबाइलचा टॉवर उभा राहायचा आणि पडायचा. ती सांगायची, गावात बॅटरीचे सेल एकदम पेटीभर आणता येत नाहीत. कॅनव्हासचे बूट डझनानं ठेवता येत नाहीत. तापाच्या गोळ्या जास्त घेतल्या तर घरात एवढे आजारी कोण, असं विचारतात. दुकानदारानं काय विकायचं ते गिऱ्हाइकानं ठरवायचं असतं ना? तिथं ते ठरवणारे वेगळेच, आणि ते एक सोडून दोन. शेवटी कापडाचं दुकान मीठ, साबण आणि काडेपेटीवर आलं. कापड एका कपाटात राहिलं.

आणि तिची प्रत्येक ऑर्डर एकाच वाक्यानं संपायची. लाल इतके, निळे इतके, पांढरे इतके. "पण हिरवा नको."

एकदा मी भडकले. "अगं, हिरवा नको म्हणजे काय? आमच्याकडं हिरव्या चुड्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. हिरव्यानं तुझं काय घोडं मारलंय?" तिनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, त्यांच्या गावात एक शिंपी होता. त्याच्या दुकानात हिरव्या कापडाचा तागा सापडला, आतले अंगात घालतात तसला. शाळेच्या पोरांसाठी आणला होता. कॅम्पवाल्यांनी विचारलं, कुणासाठी शिवतोस? आठ दिवसांनी आतल्यांनी विचारलं, त्यांना काय सांगितलंस? "दोघांनी नुसतं विचारलंच, वदिना. कुणी हात लावला नाही. तो मशीन इथंच सोडून गेला." मी ओशाळले. त्या दिवसापासून तिच्या मालात हिरवा दोराही जाऊ नये म्हणून मी स्वतः गठ्ठा तपासायची.

मग दिवस बदलायला लागले. टीव्हीवर दिसायचं, इतक्यांनी शस्त्रं खाली ठेवली, तितके घरी आले. नदीवर पूल झाला. आणि या वर्षी, संक्रांत झाल्यावर, अक्काचा फोन आला तो इतका स्पष्ट की मी रिसीव्हर असल्यासारखा मोबाइल कानापासून लांब धरला.

"वदिना! टॉवर आला!"

"टॉवेल? कुठला टॉवेल? मी पाठवलाच नाही!"

"टॉवेल न्हाय, टॉवर!"

दोघी हसत सुटलो. मग ती मुद्द्यावर आली. बाजार पुन्हा भरायला लागला होता. नदीपलीकडून माणसं पुलावरून यायला लागली होती. पण तिचा नवरा दमला होता. मुलगा हैदराबादला नोकरीला, तो बोलावत होता. नवऱ्यानं सांगितलं होतं, ही एक लग्नसराई बघायची. कापड विकलं गेलं तर दुकान ठेवू. नाही तर होळीनंतर कुलूप घालू आणि पोराकडं जाऊ. "मला नाही जायचं, वदिना," ती म्हणाली. "तिकडं नवव्या मजल्यावर मी काय करू? मला गिऱ्हाईक पाहिजे समोर."

मी म्हटलं, "सांग, काय पाठवू?"

"शुभविवाहचे. दोन गठ्ठे. सगळे पच्चा."

पच्चा! माझ्या माहेरी कानडीत पाचूला पच्चे म्हणतात, पच्चे म्हणजे हिरवं. मी वाट बघितली की आता ती म्हणेल, पण हिरवा नको. ती म्हणालीच नाही. हवापाण्याचं बोलली, सुनेचं बोलली आणि फोन ठेवला. अहो, माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनी त्या बाईनं हिरवा मागितला! म्हणजे तिथं खरंच सगळं निवळलं. मी सगळ्या कामगारांना पेढे वाटले. कुणी विचारलं कशाचे, तर म्हटलं, हिरव्याचे.

मास्तरांना मी सांगितलं, "दोन गठ्ठे शुभविवाह, हिरवे, आणि हिरवा म्हणजे कसा, चांगला गडद घ्या. मेंदीच्या पानासारखा." मास्तरांनी चष्मा वर केला. "त्यांना हिरवं चालत नव्हतं ना, वैनी? एकदा विचारून घ्या की."

"मला शिकवू नका मास्तर. मी स्वतः बोललेय. त्यांच्या भाषेत बोललेय."

मास्तरांनी चष्मा खाली केला आणि सूत रंगवायला पाठवलं. तसा मी अक्काला रंगाचा फोटो पाठवला होता. पण टॉवर नवा असला तरी तो गोल चक्र फिरवण्यातच पटाईत होता. तिला फोटो काही उघडला नाही. "तुमच्यावर भरवसा हाय, पाठवा," ती म्हणाली. हा भरवसा मला पुढं चांगलाच टोचला.

माल गेला. चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी मी मागांच्या खडखडाटात उभी असताना तिचा फोन आला. कॅम्पवाल्यांनी नाक्यावर गठ्ठे अडवले होते. उघडून बघितले तर गडद हिरवं कापड, दोन गठ्ठे भरून. अक्काला आणि तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं होतं. ती तिथूनच बोलत होती. आवाज चढलेला नव्हता, तेच मला जास्त लागलं. बाजार तीन दिवसांवर आला होता आणि माझ्या कानात तिच्या नवऱ्याचं होळीनंतरचं कुलूप वाजायला लागलं.

"वदिना, मी पच्चा म्हटलं होतं की."

"अगं, पच्चाच पाठवलाय!" मी ओरडले.

मागे मास्तर उभे होते. त्यांनी हातानं खूण करून शेजारचे माग थांबवले. "काय म्हणाल्या त्या? पच्चा?" मग त्यांनी कपाळावर असा हात मारला की चष्मा खाली पडला. "वैनी, पच्चा म्हणजे पिवळा ओ! हळदीचा! लग्नाला तेलुगू माणूस दुसरं काय मागंल?"

मी तिथंच सुताच्या पेटीवर बसले. काय सांगू? मरणाची लाज वाटली. चार भाषा येणारी मी, आणि शेजारी चाळीस वर्षं तेलुगू माणूस उभा असताना त्याला एक शब्द विचारायला मला कमीपणा वाटला होता. त्या शिंप्याची गोष्ट मला माहीत होती. आणि मीच अक्काच्या दारात तोच रंग पोचवला होता, तोही पेढे वाटून.

पण बसून चालणार नव्हतं. मी म्हटलं, "अक्का, तिथल्या साहेबांना फोन दे."

साहेब तरुण वाटले. मी नमस्कार करून सोलापूरहून बोलतेय म्हटल्यावर ते म्हणाले, "मी सांगोल्याचा." मला हुश्श झालं. मी लगेच म्हटलं, "मग तर तुम्ही आपलेच की!" त्यावर ते म्हणाले, "सोलापूरचं हाय म्हणून सोडू व्हय, काकू? कापड कुठलं हाय ते बघतोय मी. दोन गठ्ठे हिरवं हाय. कुणासाठी?"

कुणासाठी. तोच प्रश्न.

मी सगळं सांगितलं. माहेर, वळसंग, कानडी, पाचू, पच्चा, पेढे. एका दमात. काठावर काय विणलंय ते वाचा म्हटलं. "वाचलं. शुभविवाह. मोर पण हायत," ते म्हणाले. "काठ कापता येतो, काकू." खरं होतं ते. मग त्यांनी विचारलं, "एकच शब्द पिवळा आणि हिरवा दोन्ही कसा असंल? कायतरीच सांगताय." आणि फोन स्पीकरवर टाकून त्यांनी आपल्या माणसांना विचारलं, "ए, पच्चा म्हणजे कुठला रंग रं?"

एक आवाज आला, "पिवळा, सर."

दुसरा आवाज आला, "हिरवा, सर."

पहिला म्हणाला, "हळद कशी असते? पच्चा!" दुसरा म्हणाला, "झाड कसं असतं? पच्चा!" पहिला नदीच्या अलीकडचा, दुसरा पलीकडचा असावा. दोघांची जी जुंपली! तुझ्या गावात काय म्हणतात, तुझी बायको काय म्हणते, इथपर्यंत गेलं. मास्तरांना राहवेना. त्यांनी माझ्या हातातला फोन ओढला आणि इथून ओरडायला लागले, "नुसतं पच्चा म्हणजे पिवळाच! हिरव्याला आकुपच्चा म्हणायचं! आकु म्हणजे पान!" तिकडून कुणीतरी विचारलं, हे कोण बोलतंय? मास्तर म्हणाले, "मी कुणी का असंना, बरोबर बोलतोय!"

साहेबांना हसू आवरेना. कॅम्पातच दोन मतं पडल्यावर ते तरी काय करणार? "आयला," ते म्हणाले, "माझ्याच नाक्यावर ठरंना, तर काकूंचं काय चुकलं?" तरी माणूस कामाचा पक्का. कारखान्याच्या कागदावर सगळं लिहून पाठवा, कुणी विणलं, किती विणलं, काय चूक झाली ते, म्हणाले. मी लिहिलं. 'मला तेलुगू येत नाही' हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी गठ्ठे सुटले.

पण अक्काचा बाजार अजून वाऱ्यावर होता. तिला पिवळे हवे होते आणि तिच्या दारात हिरवे पडले होते. मास्तरांनी तयार पिवळं सूत मिळवून, सुट्टीचा दिवस धरून माग चालवले, रुसलेले दोन मागसुद्धा त्यांनी कसे मनवले देव जाणे. पिवळा गठ्ठा तयार झाल्यावर मी म्हटलं, हा मी स्वतः घेऊन जाणार. आमचे हे म्हणाले, "जा. पण मास्तरांना घेऊन जा. तोंड उघडायला." मी मास्तरांचंही तिकीट काढलं.

हैदराबादपर्यंत रेल्वे, पुढं बस, मग तो नवा पूल. बाजाराच्या दिवशी सकाळीच पोचलो. काय बाजार होता! मोहाची फुलं, सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या, लाल मुंग्यांची चटणी, ती मास्तरांनी दोनदा खाल्ली. अक्कानं मला बघितलं आणि रस्त्यातच मिठी मारली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आधी जेवा." तिचा नवरा उंच, शांत माणूस. नमस्कार केला आणि गल्ल्याशेजारच्या स्टुलावर जाऊन बसला. त्याच्या हातात दुकानाच्या किल्ल्या होत्या आणि त्या तो उगीच चाळवत होता.

पिवळे टॉवेल दुकानाच्या पुढं मांडले. दुपारपर्यंत गिऱ्हाईक बरं आलं. बरं, म्हणजे फार नाही. हिरवे कुठं दिसेनात. विचारलं तर अक्का म्हणाली, आत खाटेखाली आहेत. कागद मिळाला होता, साहेबांचा शिक्का होता, सगळं होतं. "असू देत आतच," ती म्हणाली. मी पिवळ्यांच्या घड्या सारख्या करत बसले. बाहेर काढ असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

मग एक बाई आली. बरोबर तिची लेक, लाजलेली, म्हणजे लग्न तिचंच. बाईनं पिवळे टॉवेल उलटेपालटे करून बघितले, मोरावरून बोट फिरवलं आणि अक्काला काहीतरी विचारलं. मला त्यातलं एकच कळलं, आकुपच्चा. या खेपेला मी आधी मास्तरांकडं बघितलं. मास्तर हळूच म्हणाले, "हिरवा मागतीया, वैनी. पानासारखा. पोरीच्या सासरची मराठी माणसं हायत, त्यांना हिरवा लागतोय म्हणं."

अक्काची नजर आधी रस्त्याकडं गेली. कॅम्पाच्या बाजूला, मग जंगलाच्या बाजूला. दोन्हीकडं. सवयच ती. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. मला वाटलं आता ती मान हलवणार, नाही म्हणणार, आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.

तो स्टुलावरून उठला. किल्ल्या गल्ल्यावर ठेवल्या, आत गेला, आणि खाटेखालचा तो अख्खा गठ्ठा ओढत, दारातून फरफटत बाहेर घेऊन आला. सगळ्यांसमोर, बाजाराच्या तोंडावर, त्यानं सुतळी कापली. एक टॉवेल झटकला आणि दुकानाच्या कडीला टांगला. मग परत स्टुलावर जाऊन बसला.

कुणी काही विचारलं नाही. मी तिथंच उभी राहून बघत होते, सायकलवाले गेले, बाया गेल्या, वर्दीतले दोघे चहा पिऊन गेले. त्यातला एक तर थांबून वाचायला लागला, 'शुभविवाह', आणि हसत पुढं गेला. संध्याकाळी आम्ही बसला निघेपर्यंत हिरव्याचा एक गठ्ठा संपला होता. पिवळे उरले.

होळी झाली. अक्काचा फोन आला, तोही दुकानातूनच. मागं कुणीतरी भावावरून वाद घालत होतं आणि तिचा आवाज त्या गोंधळात मजेत होता. मी फोन स्पीकरवर टाकला आणि मास्तरांना जवळ बोलावलं. तिनं ऑर्डर सांगितली. लाल इतके, निळे इतके, पच्चा इतके. मास्तरांनी लिहून घेतलं. मग ती थांबली. इतकी वर्षं ती जिथं थांबायची तिथंच.

"आणि वदिना," ती चक्क मराठीत म्हणाली, "हिरवा पण."